दोन भाषांचं घर: नागपुरात प्रतिपालक व्हायचं असेल तर

पहिल्या रात्री मी तिला म्हटलं, "घाबरू नको, इथे तुला कोणी शिक्षा करणार नाही." नऊ वर्षांची पोरगी, संध्याकाळीच बालगृहातून आमच्याकडे आलेली. तिचा चेहरा पडला. भिंतीकडे तोंड करून झोपली. सकाळी माझ्या मुलाला हळूच विचारते, "भैया, मुझे स्कूल नहीं भेजेंगे क्या?" तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मराठीत शिक्षा म्हणजे मार, दंड. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मी धीर द्यायला गेले आणि तिनं ऐकलं ते असं, की या घरात शाळा नाही.

ती चौदा महिने आमच्याकडे होती. तिला इथे छोटी म्हणते. छत्तीसगडकडची, आई नागपुरात बांधकामावर मजुरीला आलेली आणि मग दीर्घ आजारात सापडलेली, एवढंच सांगते. आमच्या भागात प्रतिपालकांचा, म्हणजे दुसऱ्याचं मूल काही काळ आपल्या घरी सांभाळणाऱ्यांचा, एक गट आहे. महिन्यातल्या एका रविवारी समाजभवनात बसतो, अर्धं बोलणं मराठीत, अर्धं हिंदीत. तिथे नवीन जोडपी येतात आणि ठरलेले प्रश्न विचारतात. त्यांना जे सांगत असते, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी हे दत्तक नाही, हे पक्कं करा

गटात येणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात तीन गोष्टींचा गुंता असतो. दत्तक घेतलेलं मूल कायमचं तुमचं होतं, नाव लागतं, वारसा लागतो. प्रतिपालकत्वात मूल काही काळ तुमच्या घरी राहतं. ते कुणाचं आहे याचा निर्णय तुमच्या घरी होत नाही. तुमच्या मालमत्तेत त्याला आपोआप हक्क मिळत नाही, आणि त्याच्यावर तुमचाही कायमचा हक्क नसतो. तिसरी बाल संगोपन योजना. 2023 पासून तिच्या नावाला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव जोडलं आहे आणि महिन्याला 2250 रुपये मिळतात. आई किंवा वडील एकटेच उरले आहेत, किंवा नातेवाइकांकडे मूल आहे, अशी कितीतरी घरं तिचा लाभ घेतात. तुमच्या भाचीचा बाप वारला आणि ती तुमच्याकडे असेल, तर तुम्हाला बहुधा हीच योजना हवी आहे. तिची चौकशी आधी करा.

प्रतिपालकत्वाचा आधार म्हणजे 2015 चा बाल न्याय कायदा, कलम 44. एक वर्षापर्यंतचं ते अल्पकालीन, त्याहून जास्त ते दीर्घकालीन. आई-वडील आजारी, तुरुंगात किंवा सांभाळण्याच्या स्थितीत नसतील, तर मुलाला घर मिळावं आणि ते स्थिरावले की मूल परत जावं, हा त्यामागचा विचार. आई-वडिलांना ठरावीक काळानं मुलाला भेटताही येतं. मुलाच्या हिताचं नसेल तर अशा मुलांबद्दल निर्णय घेणारी बाल कल्याण समिती कारण लिहून ती भेट नाकारू शकते. "म्हणजे आम्ही जीव लावायचा अन् ते निघून जाणार?" असं एक काका गटात म्हणाले होते. हाव, तसंच. हे ज्याला पटत नाही त्यानं दत्तकाचा रस्ता धरावा. त्यात कमीपणा काही नाही.

केंद्राच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनी एक दार मात्र उघडलं आहे. कायद्यानं दत्तक देण्याजोगं ठरलेलं मूल दोन वर्षं तुमच्याकडे प्रतिपालनात राहिलं, तर तुम्ही त्याच्या दत्तकासाठी अर्ज करू शकता. आधी ही मुदत पाच वर्षांची होती. पण तेवढ्या आशेवर सुरुवात करू नका.

कोणाला होता येतं

मूल सहा वर्षांवरचं असतं. तान्हं बाळ मिळेल का, हा प्रश्न इथे विचारू नका. जोडपं असेल तर संसार किमान दोन वर्षं नीट चाललेला हवा आणि दोघांच्या वयांची बेरीज किमान 70. 2024 पासून अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित अशा एकट्या माणसालाही अर्ज करता येतो. वय 35 च्या पुढे हवं. सहा ते बारा वर्षांच्या मुलासाठी 55 पर्यंत, त्यापुढच्यासाठी 60 पर्यंत. एकटी बाई मुलगा किंवा मुलगी सांभाळू शकते, एकट्या पुरुषाकडे मुलगाच देतात.

बंगला लागत नाही. आमचं घर मानेवाड्यात दोन खोल्या आणि एक गच्ची एवढंच आहे. मुलाला झोपायला स्वतःची जागा, आतून कडी लागणारी न्हाणी, आणि घरखर्च भागेल इतकी स्थिर कमाई, याकडे पाहतात.

अर्ज आणि कागद

दोन दारं लक्षात ठेवायची: जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बाल कल्याण समिती. कक्ष म्हणजे कामाचे हात. अर्ज पाहणं, घरभेट, अहवाल, पैसे, सगळं तिथून. समिती म्हणजे निर्णय: एक अध्यक्ष, चार सदस्य, त्यांच्यात किमान एक महिला, आणि दंडाधिकाऱ्याचे अधिकार. समितीच्या आदेशाशिवाय मूल घरी आणणं बेकायदा आहे, कुणी ओळखीचं "घेऊन जा, नंतर पाहू" म्हणत असलं तरी. मूल विकणं-विकत घेणं याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, आणि पैशाची भाषा निघाली की हे कलम लागू शकतं.

अर्ज आता केंद्राच्या केअरिंग्ज पोर्टलवर भरतात आणि जिल्हा कक्ष तो तिथेच उघडून पाहतो. आधी कक्षात एकदा प्रत्यक्ष जाऊन या. पोर्टलवर अडलात तर कोणाला विचारायचं तो चेहरा माहीत असलेला बरा. कागदांत आधार, पॅन, राहण्याचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा, लग्नाचा दाखला किंवा घटस्फोट-मृत्यूचा कागद, फोटो, पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र, ओळखीच्या दोन माणसांची शिफारस, आणि घरात राहणाऱ्या प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी. त्यात टीबी, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी धरून. सासूबाईंचा आधारवरचा पत्ता जुन्या घराचा होता, तर त्या एका ओळीपायी आमचे तीन आठवडे गेले. सगळ्यांचे पत्ते आधी जुळवून घ्या, मग अर्जाला हात लावा.

दोन भाषांच्या गटाचा पहिला खरा उपयोग इथेच होतो. कागद मराठीत किंवा इंग्रजीत, आणि गटात येणारी निम्मी घरं हिंदी बोलणारी. जरीपटक्याकडचं एक सिंधी जोडपं हमीपत्रावर सही करून मोकळं झालं होतं; त्यात मुलाला समितीच्या परवानगीशिवाय बाहेर नेणार नाही असं काही लिहिलंय, याचा त्यांना पत्ता नव्हता. आता गटात प्रत्येक कागद एकदा मराठीत आणि एकदा हिंदीत मोठ्यानं वाचतात. सही त्यानंतर.

घरभेट

सामाजिक कार्यकर्ती येते, घरातल्या प्रत्येकाशी वेगवेगळी बोलते. पोहे-चहा ठीक आहे, पण घर सजवू नका. आमच्याकडे आलेल्या ताईंनी फर्निचरकडे बघितलं नाही. त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि सासूबाईंना विचारलं, "आजी, लेकराला ताट कोणतं देणार?" सासूबाईंना प्रश्न कळायला वेळ लागला. मला लगेच कळला. जात विचारून, भांडी वेगळी ठेवून मूल सांभाळणारी घरं त्यांनी पाहिली असणार. सासूबाईंनी मांडणीवरून माझ्या मुलाचं ताट काढलं आणि म्हणाल्या, "दुसरं असंच आणू ना, काहून?" मला वाटतं अहवाल तिथेच लिहून झाला.

तुम्हालाही हे प्रश्न येतील: राग आला तर काय करता, स्वतःच्या मुलाशी तुलना होईल तेव्हा काय कराल, मूल परत गेलं तर. खरं उत्तर द्या. "आम्ही कधी चिडतच नाही" हे उत्तर त्यांना रोज ऐकायला मिळत असेल. तुमच्या घरातल्या मुलाला आधीच सगळं सांगून ठेवा, कारण त्यालाही विचारतात.

जुळणी आणि भाषेचा प्रश्न

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला घेतलं तिकडे येते.

नागपूर कधी एका भाषेचं नव्हतंच. 1956 पर्यंत हे मराठी-हिंदी अशा दोन भाषांच्या राज्याची राजधानी होतं. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही रेल्वेमार्ग इथे भेटतात. स्टेशनवर सापडणारं लेकरू बंगाली बोलेल, तेलुगू बोलेल की ओडिया, सांगता येत नाही. घराचा पत्ता लागला की त्याला त्याच्या जिल्ह्याच्या समितीकडे पाठवलं जातं. पण इथेच कामाला आलेल्या कुटुंबांची मुलं इथेच राहतात, आणि जिल्ह्यातल्या देवलापारकडून येणारं मूल घरी गोंडी बोलत असू शकतं. म्हणून जुळणीच्या वेळी मुलाचं वय, तब्येत, शाळा विचारता तसंच हेही विचारा: हे घरी काय बोलायचं? आईला काय म्हणायचं? झोपेत बरळतं ते कोणत्या भाषेत? शेवटचा प्रश्न मला बालगृहातल्या काळजीवाहक बाईंनी शिकवला. उत्तर फक्त त्यांनाच माहीत होतं.

जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे दुभाषे आणि अनुवादक यांची यादी ठेवण्याची तरतूद नियमांत आहे. ती मागा. नसेल मिळत, तर गटात शोधा. आमच्या गटात छत्तीसगडहून आलेल्या एक मावशी होत्या, गवंड्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या. त्या दर रविवारी तासभर छोटीशी तिच्या बोलीत बोलायच्या. त्या पोरीला पोटभर बोलताना मी पहिल्यांदा तिथेच ऐकलं. आमच्याकडे ती गरजेपुरते शब्द वापरायची.

पहिल्या आठवड्यातली दुसरी फजिती जेवणाची. तिनं "बासी" मागितला. मी म्हटलं, अगं शिळं कशाला, ताजं देते. ती गप्प. मावशींनी सांगितलं, बासी म्हणजे रात्री पाण्यात भिजत घातलेला भात, उन्हाळ्यात सकाळी मीठ-कांद्यासोबत खातात. नागपूरच्या मे महिन्यात तो आम्हा सगळ्यांना इतका मानवला की कूलरपुढे बसून चौघं तेच खाऊ लागलो.

मग मी एक वही केली. पानाला मधोमध रेघ, एकीकडे मराठी, दुसरीकडे तिचा शब्द. आधी फसवणारे शब्द घेतले, सारखे दिसणारे आणि वेगळं बोलणारे. शिक्षा. राग, जो तिच्याकडे गाण्यात असतो. दादा, कारण माझ्या मुलाला दादा म्हणायला सांगितलं तर ती खिदळायला लागली. तिच्या लेखी दादा म्हणजे आजोबा. आणि खाली. मी म्हटलं, "बादली खाली ठेव," आणि तिनं भरलेली बादली मोरीत रिकामी केली. नळाला दिवसाआड पाणी, बाप्पा! पण रागावणार कोणाला? तिनं ऐकलं तेच केलं होतं.

मला काय म्हणायचं, हाही भाषेचाच प्रश्न होता. आई म्हण असं कधी सांगू नका. त्याला आई असते. आम्ही मावशीवर आलो, तिनं मौसी केलं, दोन्हीकडे चालून गेलं.

आणि मुलाची भाषा मोडू नका, हे मी गटात ओरडून सांगते. "घरात मराठीच बोलायचं, म्हणजे लवकर शिकेल" असं शेजारीपाजारी सांगतील. मराठी ते गल्लीत शिकतंच. नागपुरी मराठी तर हिंदीच्या मांडीवरच बसलेली: "काय करून राहिली?" हे वाक्य छोटीला दुसऱ्या दिवशी कळलं, पुस्तकी "काय करते आहेस?" कळायला महिना लागला. पण तिची बोली गेली असती, तर महिन्याच्या भेटीत आईशी बोलायला ती माझ्यामार्फत बोलली असती. असं एक घर मी पाहिलं आहे. दोन वर्षांनी मूल आईसमोर बसलं आणि दोघं एकमेकांकडे बघत राहिली. त्या भेटीनंतर आमच्या गटानं नियमच केला: भेटीच्या आधीचा आठवडा घरात मुलाच्या भाषेत.

भाषेचं आणखी एक गंभीर कारण आहे. कधीतरी, बहुधा अंधारात, मूल आधीच्या घरातलं काहीतरी वाईट सांगतं. ते त्याच्या भाषेत सांगतं. तेव्हा प्रश्नांचा मारा करू नका. ऐका, आणि त्याचेच शब्द, तशाच्या तसे, तारीख घालून लिहून ठेवा. आपल्या मराठीत सुधारून लिहू नका. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पोक्सो कायद्यानुसार कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. कळवायचं ते पोलिसांना; मदतीसाठी समिती किंवा मुलांची हेल्पलाइन 1098. "आधी घरच्या मोठ्यांना विचारतो" याला तिथे जागा नाही.

शाळा, दवाखाना, पैसा

शिक्षण हक्क कायद्यानं जन्मदाखला किंवा टीसी नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि मुलाला वयानुसार वर्गात घ्यावं लागतं. मुख्याध्यापकांकडे जाताना समितीच्या आदेशाची प्रत सोबत ठेवा. महापालिकेच्या मराठी, हिंदी आणि उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. आम्ही छोटीला हिंदी माध्यमात घातलं. 2020 च्या कायद्यानं सगळ्याच शाळांत मराठी विषय आहे, म्हणजे ती सुटत नाही, आणि परत गेल्यावर पहिलीपासून सुरुवात करावी लागत नाही.

दवाखान्यात पहिल्या महिन्यात लसी, दात, डोळे, रक्त हे पाहून घ्या. विदर्भात आणि छत्तीसगडमध्ये सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचं प्रमाण मोठं आहे, म्हणून ती चाचणी मागून घ्या. तो आजार असलेल्या मुलाला उन्हातान्हात पाणी कमी पडलं की अंगदुखीचा झटका येऊ शकतो. "कामाला कंटाळतंय" म्हणून त्याला उठवू नका. शस्त्रक्रियेसारख्या गोष्टीला संमती कोणाची, हे आदेश घेताना समितीकडून लिहूनच घ्या. मेडिकल कॉलेजच्या अपघात विभागात मध्यरात्री हा प्रश्न सोडवायला वेळ नसतो.

केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रतिपालनासाठी महिन्याला 4000 रुपये आहेत, प्रायोजकत्व आणि प्रतिपालकत्व मान्यता समितीच्या मंजुरीनं. हे पैसे मुलाच्या खर्चाचे. ते दर महिन्याच्या पाच तारखेला येतील असं धरून किराणा बांधू नका. खर्चाची वही ठेवा, तपासणीला विचारतात.

तपासणी महिन्याची असते. बाल कल्याण समितीनं दर महिन्याला मुलाची खुशाली पाहायची, असं कायद्यात आहे. काही घरांना हा संशय वाटतो. मला ती सोय वाटली. अडचणी सांगायला कोणीतरी दारात येतं.

आणि मोबाइल. तान्ह्या पोळ्याला छोटीनं लाकडी नंदी सजवला, चौकभर ओढत नेला, इतकी गोड दिसत होती की बोट शेअरवर गेलंच. अशा मुलाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नातेवाइकांच्या ग्रुपवरही नाही. तो फोटो मी छापून वहीत चिकटवला.

परत जाण्याची तयारी

ही पहिल्या दिवसापासून चालू असते. आई बरी होत गेली तसा भेटींचा वेळ वाढत गेला, मग समितीनं दोन दिवस राहायला पाठवलं, मग आदेश निघाला. पिशवीत लसीकरणाचं कार्ड, औषधांची चिठ्ठी, शाळेची टीसी आणि गुणपत्रक, खेळणी, दोन्ही ऋतूंचे कपडे द्या. नवे कपडे कमी, रोजचे जास्त. घरच्या मुलाला निरोप घेऊ द्या, त्याला शाळेत पाठवून आटोपू नका. माझ्या मुलानं आठ दिवस जेवताना बोलणं टाकलं होतं. गटातल्या एका काकूंनी त्याला रोज संध्याकाळी सायकलवर नेलं, त्यावर तो सावरला. असा माणूस आधी ठरवून ठेवा.

नंतर संपर्क ठेवायचा का, हे समितीला आणि आईला विचारून ठरवा. आमचा राहिला. मागच्या महिन्यात तिच्या आईचा फोन होता. म्हणे, "दीदी, ये लड़की बोलती है बाल्टी खाली रखो. मैं खाली करती हूँ तो बैठके हँसती है."